आठ बाय सोळा

ग्यूम्रीत, जानेवारीत, उणे अठरात
मी वार्दगेसच्या पत्र्याच्या डब्याचं दार वाजवलं.
भूकंपानंतर तात्पुरता म्हणून आणून ठेवलेला डबा,
माझ्या वयाहून मोठा.
आत सोल्डरचा वास, स्टोव्ह, उघडी पडलेली यंत्रं
आणि फळीवर ज्यासाठी आले होते ते :
प्रोसेसरचं मॅन्युअल, रशियन, झेरॉक्सची झेरॉक्स,
दोऱ्यानं बांधलेलं.
सहावं प्रकरण नव्हतं.
"कुठं गेलं?"
"ब्याण्णवच्या हिवाळ्यात वीज नव्हती," तो म्हणाला.
"इंटरप्ट होते त्यात. चांगले जळाले."

मला कर्नल लिहायचा होता.
म्हणजे काय, आईनं विचारलं.
म्हटलं, सगळ्यांच्या खाली एकजण बसलेला असतो,
कुणाला किती जागा, कुणाला किती वेळ
हे तोच वाटतो,
दोघं एकाच भांड्यावर अडून बसले तर तोच सोडवतो,
आणि त्याचं अडलं
तर विचारायला त्याला कुणी नसतं.
"म्हणजे थोरली सून," आई म्हणाली
आणि भाकरीचं पीठ झाकून ठेवलं.

शिकवणारे होते, पण तुकड्यातुकड्यांत.
एका चेक मास्तरांच्या व्याख्यानाचा मधलाच भाग.
कुणाच्या तरी टिपणांचे तीन धडे,
तिसऱ्याच्या शेवटी "पुढचा भाग लवकरच",
खाली तारीख अकरा वर्षांपूर्वीची.
सगळे पहिल्या पायरीपर्यंत बोट धरून आणत :
पाचशे बारा बाइट, त्यातले शेवटचे दोन ठरलेले,
ते चुकले तर यंत्र ओळखच देत नाही.
मग बोट सुटायचं.
पुढं मी चुकायचे,
चूक सांभाळताना चुकायचे,
ती सांभाळताना तिसऱ्यांदा,
आणि प्रोसेसर एक शब्दही न बोलता
पुन्हा पहिल्यापासून सुरू.
फेब्रुवारी असाच गेला.

मार्चमध्ये पडद्यावर एक अक्षर आलं. लॅटिन ए.
वार्दगेसनं चष्मा वर केला. "आपलं नाही येत?"
आपलं त्या तक्त्यात नव्हतंच.
आपलं 'आयब' मलाच कोरावं लागणार होतं,
आठ ठिपके रुंद, सोळा उंच.
मी चार रात्री खोडत बसले.
दर वेळी वाकडा नाल.

वरच्या मजल्यावर अरुस्याक गालिचे विणते.
कोपऱ्यात नाव आणि साल घालायला
तिच्याकडे चौकटीच्या कागदावर सगळी अक्षरं,
एक चौकोन म्हणजे एक गाठ.
तिनं माझा कागद पाहिला, जीभ टाळ्याला लावून च्च केलं.
"शेपटी तीन गाठी तरी सोड पोरी,
नाहीतर 'आयब'चं 'से' होतं.
एका नवरीचं नाव असंच बिघडवलंय मी."
तिनं बोटानं मोजत सांगितलं, मी लिहून घेतलं,
सोळा ओळी, सोळा आकडे.

यंत्र सुरू केलं. अक्षर उलटं!
पाय वर, डोकं खाली.
ती खालून वर विणते,
पडदा वरून खाली उतरतो,
हे कुठल्या पुस्तकात असणार?
वार्दगेस खोकला येईपर्यंत हसला.

काल कीबोर्ड जोडला.
एक कळ दाबली : आयब, सुलट, शेपटीसकट.
दुसरी दाबली : काही नाही.
तिसरी. काही नाही.
पहाटे तीनला कळलं,
पहिली कळ पोचली
हे उलट कळवायचं राहिलं होतं.
पोचपावती मिळेपर्यंत
तो दुसरी देतच नाही, धरून बसतो.

एका ओळीचं काम. केलं.
मग आठवलं, अरुस्याकला
अजून काहीच सांगितलं नाही आपण.
जिन्यातला दिवा गेलेला.
भिंतीला हात लावत वर गेले,
तिच्या दाराखालून उजेड येत होता
आणि आतून ठक, ठक,
फणीनं गाठी खाली बसवल्याचा आवाज.